सोप्यावरची कावी : एका भिंतीच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

भिंत ठरली. सोप्याची उत्तरेकडची, आत येताना डाव्या हाताची. लांबी सव्वाआठ फूट. जमिनीपासून साडेतीन फुटांवर दीड फूट उंचीचा आडवा पट्टा, आणि जमलंच तर दिव्याच्या देवळीवर एक वर्तुळ. दोन्ही कावीत, म्हणजे लाल चुना खरवडून काढायच्या चित्रकामात, करायचं.

आईला अंगणातलं तुळशीवृंदावन हवं होतं. पण आमच्या उत्तर गोव्यातल्या पेडण्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. उघड्यावर चुन्याचा नाजूक थर किती टिकणार? सोपा कौलांखाली आहे, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. "मग तुळशीला काय, नुसता डिस्टेंपर?" असं विचारून ती आत गेली. तुळशीचं लग्न १३ नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी घरी माणसं येतात, म्हणून हीच मुदत धरतो.

माझा धंदा खोट्या भिंतींचा. जत्रेतल्या नाटकांचे पडदे आणि सेट रंगवतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि मराठी मालिका गोव्यात आल्या, तेव्हा एका मालिकेसाठी प्लायवर वाडा उभा केला होता. दोन दिवसांत दोनशे वर्षांची जुनी भिंत करून दिली. कॅमेऱ्यात झकास दिसली. मे महिन्यात इथलंही चित्रीकरण थांबलं आणि तो वाडा मोडून टेंपोत भरला. तेव्हापासून डोक्यात आहे, एकदा खरी भिंत करायची.

२१ ऑगस्ट

कावी म्हणजे काय हे घरी सांगून सांगून थकलो, इथे एकदा लिहून ठेवतो.

पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे लाल माती कालवलेल्या चुन्याचा, पातळ थर द्यायचा. तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा. खालचा पांढरा उघडा पडतो, तीच चित्राची रेघ. कुंचला नाही, डिंक नाही, सरस नाही. वारलीत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा वरून चढतो, इथे पांढरा आतून येतो. अजिंठ्यातली चित्रं सुकलेल्या गिलाव्यावर बंधक घातलेल्या रंगांनी काढलेली आहेत. कावीत बंधकाचं काम चुनाच करतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी होतो आणि माती त्या दगडात अडकून बसते.

हे काम सिंधुदुर्गापासून गोव्यातून खाली कारवार-होन्नावरपर्यंत सापडतं. होन्नावरचे शास्त्रज्ञ डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी ते गावोगाव फिरून, फोटो काढून नोंदवून ठेवलं. गोव्यात सागर नाईक मुळे आज हे काम करतात. डिसेंबर २०२१ च्या 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव आल्यावर आमच्या वाड्यावरच्या लोकांनाही कावी हा शब्द ठाऊक झाला.

पेडण्यात जुनं काम उरायला इतिहासही कारण आहे. तिसवाडी, बार्देश, साष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले आणि तिथली देवळं पाडली गेली. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या हाती आलं ते १७८८ मध्ये. तोवर मोडतोडीचा तो जोर ओसरला होता. पोर्तुगिजांच्या हातून वाचलेलं बरंच काही नंतर जीर्णोद्धार समित्यांच्या हातून गेलं, हे मात्र कुणी बोलत नाही. बाथरूमला लावतात त्या टाइल्स गाभाऱ्याला लावून झाल्या की पाटीवर देणगीदारांची नावं चढतात.

२५ ऑगस्ट

मोरजीला मोरजाईच्या देवळात जाऊन आलो. किनाऱ्यावर कासवं आणि रशियन पाट्या बघायला जग येतं, देवळात मी आणि पुजारी. परवानगी घेऊन टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरला. समोरून सपाट दिसणारं काम तसा उजेड टाकल्यावर उठून येतं: लाल वर, पांढरं खाली, मध्ये जेमतेम नखाएवढी पायरी.

तीन गोष्टी टिपल्या. रेघेच्या दोन्ही कडा सारख्या नसतात. हत्यार ज्या बाजूला झुकलेलं, ती कड तिरकी. लांब सरळ रेघा फार थोड्या, वळणं आणि पुन्हा पुन्हा येणारे छोटे आकार जास्त. आणि मोठं चित्र कुठल्या ना कुठल्या चौकटीत बसवलेलं. शेवटची गोष्ट मला नक्षीची आवड वाटली होती. परतताना पुलावर विचार करत होतो की एवढ्या हौसेने चौकटी कोण आखतं? याचं उत्तर भिंतीवर हात मारल्याशिवाय मिळणार नाही.

१ सप्टेंबर

चुना आला. शिंपल्यांचाच हवा होता. खडकाच्या चुन्यात मातकट झाक येते, शिंपल्यांचा शुभ्र असतो. एके काळी खाडीकाठच्या गावांत शिंपल्या भाजायच्या भट्ट्या असत. आता सगळं सिमेंटने खाल्लं. सीमेपलीकडून ओळखीने दोन पोती कळीचा चुना मिळाला.

विरवायला लोखंडी पिंप घेतलं. प्लास्टिकचं वापरू नये, वितळेल. आधी पाणी आणि मग चुना, हा क्रम उलटा करायचा नाही. खडा पाण्यात पडला की क्षणभर शांत, मग सूं आवाज, मग उकळी. शिंपल्या साधारण नऊशे अंशांना भाजताना जी उष्णता पोटात घेतात, तिच्यातली काही इथे परत देतात. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, लांब दांड्याची फावडी. पोरांना गेटाबाहेर काढलं होतं. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

संध्याकाळी वरून चार बोटं पाणी ठेवून झाकलं. असा पाण्याखाली चुना कितीही दिवस राहतो, उलट सुधारतो.

९ सप्टेंबर

परवा चवथ झाली. माटोळी बांधली, नेवऱ्या खाल्ल्या, काल दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो. चुना पिंपात आहे.

१५ सप्टेंबर

काव आमच्याच कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, मागच्या टेकडीवरची. चिऱ्याच्या खाणीत जांभ्याचे थर दिसतात, त्यातले गडद लाल पोट असलेले गोळे वेचले. जांभ्याचा लाल म्हणजे लोहाचा गंज. चुन्यात रंग टिकायचा तर तो असाच लागतो. चुना जबर अल्कलीयुक्त. फुलापानांचे रंग तो काही दिवसांत खाऊन टाकतो किंवा पालटतो. हळद कालवून पाहा, लाल होते. कुंकू करायची जुनी रीत तीच. पण तो लाल उन्हाला टिकत नाही. लोहाला चुनाही काही करत नाही आणि ऊनही.

कुटलेली माती पाण्यात ढवळायची, मोठे कण बुडाले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत. ते पुन्हा निवू द्यायचं, पुन्हा वरचं घ्यायचं. शेवटी मलमलीतून गाळलं. बुडाशी उरलेला गाळ परातीत पसरून वाळत घातला. ओल्या हवेत काही केल्या वाळेना. बायकोने न बोलता परात चुलीच्या मांडणीवर ठेवली. टोपलीभर मातीतून रंग निघाला तो जेमतेम दोन शेर. पेंटच्या दुकानातला लाल ऑक्साइड स्वस्त आणि एकसारखा, पण त्याचा लाल सपाट आहे. आमच्या मातीत किंचित जांभळा आहे, किंचित नारिंगी आहे.

२० सप्टेंबर

भिंतीवरचं सिमेंट काढलं. नव्वदच्या दशकात कुणा कंत्राटदाराने 'मजबुती'साठी चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने त्याचं सोडणं बंद केलं, मग ओल आतल्या आत वर चढली आणि गुडघ्याएवढ्या उंचीला लोणा लागला. छिन्नी लावली तर परडीएवढे पोपडे एका फटक्यात निघाले, मागे पांढरी बुरशी दिसावी तसे क्षार. ब्रशने खरवडलं, ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप देऊन क्षार बाहेर ओढून घेतले, लेप वाळला की काढून टाकला, पुन्हा नवा दिला.

उघडा चिरा पाहून वाटलं, असाच ठेवावा. पणजीतल्या कॅफेंत हल्ली तोच प्रकार आहे, चिरे उघडे आणि वर पिवळा बल्ब. आई म्हणाली, "भिकाऱ्याची भिंत दिसते." आमच्या पिढीला जे अस्सल वाटतं ते तिच्या पिढीला अर्धवट वाटतं. जुन्या घरांत चिरा झाकलेलाच असे, तेव्हा ती चूक म्हणता येत नाही.

२८ सप्टेंबर

आज मिस्त्रीकाका आले. सत्तरी उलटलेली, तरुणपणी वडिलांबरोबर देवळांत चुन्याची कामं केलेली, पुढे सगळं आयुष्य सिमेंटात गेलं. पिंपाचं झाकण काढून त्यांनी करणीने चुना उचलला, उलटा धरला. पडला नाही. श्रीखंडाइतका घट्ट झालेला. मान डोलावली.

मसाला असा ठरला: खालच्या थराला चुना एक, धुतलेली रेती तीन. वरच्या पांढऱ्या थराला समसमान, रेती अगदी बारीक चाळलेली. समुद्राची रेती औषधालाही नको. मीठ धुऊन धुऊन किती धुणार, पुन्हा लोणा लागायला आमंत्रण.

आणि गूळ. साखर चुन्याला मऊ ठेवते, उशिरा घट्ट होऊ देते, त्यामुळे हाताला वेळ मिळतो. काकांना माडाचा काळा गूळ हवा होता, तसं त्यांच्या वडिलांचं म्हणणं असे. तो आईने पातोळ्यांसाठी म्हणून कुठे ठेवला होता ते श्रावण संपला तरी कुणाला कळलं नव्हतं. आताही कळलं नाही. उसाचा वापरला. पाण्यात विरघळवून, गाळून.

मग कुटणं. परसातलं दगडी उखळ आणि मुसळ काढलं. घमेल्यात कालवलेला मसाला आणि उखळात कुटलेला मसाला यांत फरक इतका असेल असं वाटलं नव्हतं. कुटलेला पाणी न घालताच सैल होतो, चकाकतो, करणीवरून घसरत नाही. मी पाणी वाढवायला गेलो तर काका म्हणाले, "हें सिमेंट न्हय. हाचे खातीर रावचें पडटा." म्हणजे याच्यासाठी थांबावं लागतं. मसाला गोणपाटाखाली झाकून दोन आठवडे मुरत ठेवायचा, मधून मधून पुन्हा कुटायचा.

५ ऑक्टोबर

आजची नोंद लांब होणार.

उरलेल्या चिऱ्यांवर नमुने करून पाहिले. आधी रंगाचं प्रमाण. चुना दोन, काव एक: ओला असताना देवळातल्यासारखा खोल लाल, वाळल्यावरही छान, पण बोट फिरवलं की बोटाला लागतो. चुना कमी पडला, माती पकडायला पुरत नाही. चार-एक: पक्का बसतो, पण वाळून फिका विटकरी होतो. तीन-एक ठरवला. ओल्यातला रंग पाहून भुलायचं नाही, वाळताना तो पायरीभर उतरतोच.

मग खरवडणं. लाल थर देऊन दर पंधरा मिनिटांनी एकेक रेघ ओढत गेलो, शेजारी वेळ लिहीत गेलो. पहिल्या रेघा चिखलात ओढल्यासारख्या. लाल कडेने उचलून पांढऱ्यावर सांडतो, दोन्ही मिळून गुलाबी डाग. मग एक काळ येतो की थराला बोट लावलं तर ओल लागते पण रंग लागत नाही, नख मात्र रुततं. त्या काळात हत्यार सरकतं तेव्हा बारीक कीस पडतो, कड स्वच्छ राहते, खालचा पांढरा मलईदार उघडा पडतो. पुढे कीस पडायचा थांबतो, कपचे उडू लागतात. खेळ संपला.

सावलीत, दमट हवेत हा मधला काळ दोन तासांहून थोडा जास्त मिळाला. दुपारच्या वाऱ्यात तासभरही नाही. चिरा आधी पाण्याने तृप्त केला नसेल तर अर्धा तास. आत चिरा पाणी ओढतो, बाहेर ऊन ओढतं.

नमुने ओळीने मांडून बसलो तेव्हा मोरजीच्या चौकटींचा उलगडा झाला. दोन-अडीच तासांत एक माणूस जेवढं कोरू शकतो, तेवढाच लाल थर एका वेळी द्यायचा. उद्या शेजारी नवा थर आला की मध्ये सांधा दिसणार. तो लपवायची एकच सोय, सांध्यावर उभी किनार काढणे. म्हणून चौकट. इटलीतले भित्तिचित्रकारही दिवसाच्या कामापुरताच गिलावा लावत, पण त्यांचे सांधे माणसांच्या आकृतींच्या कडेकडेने लपतात. कावीवाल्याने सांध्यालाच नक्षी करून टाकलं. वळणं आणि छोटे आकार पुन्हा पुन्हा का, तेही कळलं. त्या दोन तासांत विचार करायला फुरसत नाही. हाताला पाठ असलेलंच हात काढतो. कंपासने होणारं फूल, मनगटाच्या एका झोकात होणारं पान, बोटभर अंतराने येणारा ठिपका.

माझ्या वहीत मोरांची जोडी होती, पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्यासकट. सुंदर काढली होती, पडद्यावर शोभली असती. गंजिफ्यांसारखी गोल मांडणीही करून पाहिली होती. सावंतवाडीचे ते पत्ते माझे फार लाडके. पण गंजिफा म्हणजे कुंचल्याचं काम, लाखेच्या चकाकीचं, बारीक बोटांचं. कावीत ती उसनी दिसेल. मोर आणि गंजिफा दोन्ही पानांवर काट मारली.

हल्ली हॉटेलांत आणि कुर्त्यांवर कावी म्हणून जे छापतात ते पाहून मला नेहमी काहीतरी खटकायचं, नाव सापडत नव्हतं. ॲक्रिलिकने लाल पार्श्वभूमीवर पांढरी रेघ काढणाऱ्याला घाई नसते. तो हवं तेवढं बारीक काम करत बसतो, रेघ दोन्ही कडांनी सारखी येते, नक्षीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. रंग बरोबर, आकार बरोबर, आणि तरी भिंत मुकी. असो. त्यांचंही पोट आहे.

१२ ऑक्टोबर

दसरा. हत्यारांना झेंडू वाहिला. यादी: छत्रीच्या काड्या घासून केलेल्या तीन टोच्या, सायकलच्या आऱ्यांच्या दोन, हॅक्सॉच्या पात्याचा चपटा तुकडा बांबूच्या मुठीत, शाळेतला पितळी कर्कटक, ओळंबा, लाकडी रंधा, करणी.

मांडणी पक्की केली. सव्वाआठ फुटांचे तीन भाग, प्रत्येकी पावणेतीन फूट, म्हणजे तेहतीस इंच. प्रत्येक भागात नऊ इंचांची तीन वर्तुळं, दोन्ही कडांना तीन-तीन इंचांची उभी किनार. उंची अठरा इंच: मध्ये वर्तुळ नऊ, वर-खाली तीन-तीन इंचांची वेल, उरलेल्या दीड-दीड इंचात दुहेरी रेघ आणि ठिपके. वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल. कर्कटकाचं तोंड न हलवता परिघावर सहा पावलं टाकली की आपोआप पडतं. वेल मात्र हाताने. कागदावर ती इतकी गिरवली की फोनवर बोलतानाही आता बिलाच्या मागे तीच उमटते.

१९ ऑक्टोबर

खालचा थर झाला. आदल्या रात्रीपासून भिंतीला पाणी पाजत होतो. काकांनी मसाला करणीने फटके मारून फेकला, मग रंध्याने ओढला. पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवून त्यावर तिरक्या चिरा मारल्या, पुढच्या थराला पकड म्हणून. दुपारी गडगडाट आणि अर्धा तास पाऊस. हवा ओली झाली, बरंच झालं.

२६ ऑक्टोबर

पहिला भाग.

पहाटे पाचला भिंत ओली केली. साडेपाचला काकांनी बारीक पांढरा थर चढवायला घेतला, सव्वासहाला संपवला. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला, उंडे घेऊन ठेवले, खाल्ले कुणी नाही. पांढरा जरा आवळेपर्यंत थांबायचं होतं. करणीच्या पाठीने दाबला तर पाणी वर येईनासं झालं तेव्हा सात वाजले होते. मग लाल, दीड-दोन मिलिमीटर, एकाच दिशेने. परत फिरवला तर पांढरा ढवळतो.

साडेसातला खाका धरला. कागदावर टोचून ठेवलेल्या भोकांतून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी टिपत गेलो, लालवर बारीक काळे ठिपके उमटले. सरळ रेघांना दोरी झटकली. काका दर थोड्या वेळाने कडेला नख लावून पाहत होते. आठला म्हणाले, "चल."

आधी वर्तुळं, कारण कर्कटकाच्या टोकाला घट्ट बूड लागतं पण टणक नको. मध्यबिंदूचं भोक राहतं, त्याला पुढे ठिपका करून टाकला. मग पाकळ्या. पाकळीच्या आतला लाल ठेवायचा की काढायचा हे आदल्या रात्रीपर्यंत ठरलं नव्हतं. हातानेच ठरवलं, मधल्या फुलात काढला, बाजूच्या दोहोंत ठेवला. लाल उरलेलं फूल मागे जातं, पांढरं पुढे येतं. कागदावर हे कळत नाही.

नऊला वेल. वरची छान आली. खालची ओढताना वाकून मान धरली, पण वेग कमी करता येत नव्हता. वेलीत प्रत्येक पानाचा देठ वेगळा झुकलाय. छापा मारला असता तर सगळे एकसारखे झाले असते.

दहाला ऊन अंगणात उतरलं आणि भिंत एकदम बदलली. किनारीच्या शेवटच्या ठिपक्यांना कपचे उडू लागले. ते ठिपके जरा ओबडधोबड आहेत. राहू दे.

मागे एकदा नाट्यस्पर्धेसाठी कला अकादमीच्या मंचावर देवळाची भिंत रंगवली होती. पंधराव्या रांगेतून बघायची म्हणून रेघा हातभर जाडीच्या, सावल्या काळ्या. इथे बघणारा भिंतीला खांदा टेकून चहा पिणार आहे. दोन्ही कामांना हात तोच, पण अंतर पालटलं की सगळं व्याकरण पालटतं. रात्री झोपताना हेच डोक्यात घोळत होतं, आणि दुखणारी मान.

३१ ऑक्टोबर

दिवाळी. पहाटे गावातला नरकासुर जाळला, कारीट फोडलं, मग फोव, म्हणजे पोहे: दुधातले, ताकातले, रोसातले, बटाट्याचे. पाहुण्यांना पहिला भाग दाखवला. एकाने विचारलं, "स्टिकर आहे?"

भिंतीसमोर ओलं गोणपाट टांगलं आहे, भिंतीला टेकणार नाही असं. दिवसातून दोनदा पाण्याचा बारीक फवारा. चुन्याला हवेतला वायू हवा, पण तो ओलीत विरघळल्याशिवाय चुन्याला लागत नाही. भिंत ठणठणीत कोरडी झाली तर काम अर्ध्यावर थांबतं, आणि पाणी थबथबलेलं असलं तरी थांबतं.

३ नोव्हेंबर

दुसरा भाग, काल. तिसरा, आज. लागोपाठ केले, दोघांचेही हात बसले होते. सांध्यावर पहिल्या भागाची कड करणीने सरळ कापली, ओली केली, नवा थर बरोबर तिथवर. तीन आणि तीन मिळून सहा इंचांची दुहेरी किनार झाली, सांधा तिच्या मधल्या रेघेत गेला. टॉर्च आडवा धरल्याशिवाय सापडत नाही.

तिसऱ्या भागातल्या मधल्या वर्तुळात काकांनी हत्यार मागून घेतलं आणि फुलाऐवजी माशांची जोडी काढली, शेपटीला शेपटी लावून. खाका नाही, ठिपके नाहीत. मिनिटभरात झाली असेल. कुठे शिकलात, तर म्हणे बापाशी काम करताना दुपारी सगळे जेवायला गेले की भिंतीच्या कोपऱ्यात असंच काहीबाही काढायचो, मग बाप पुसायचा.

१० नोव्हेंबर

नदीतल्या गुळगुळीत गोट्याने आणि एका मोठ्या कवडीने लाल भाग हलक्या हाताने घोटला. चकाकी येत नाही, येऊही नये, पण पृष्ठभाग बंद होतो आणि रंग अर्धी पायरी परत चढतो. दुसऱ्या भागावर पांढुरकी झाक आली आहे. विरघळलेला चुना पाण्याबरोबर वर येऊन बसला की असं होतं. काका म्हणतात, तिला हात लावू नको. मला पुसावीशी वाटते. महिनाभर बघू.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: चुना, रेती, गूळ मिळून साडेचार हजारांच्या आत. काव फुकट. काकांची मजुरी या सगळ्याच्या कितीतरी वर, आणि ती योग्यच आहे. ज्यांना 'तसंच पण स्वस्तात' हवं आहे त्यांना मी ॲक्रिलिकमध्ये काढून देईन, सेटचे दर सगळ्यांना माहीत आहेत.

एका इंटीरियरवाल्याने सिमेंटच्या भिंतीवर हेच करता येईल का विचारलं. करता येईल, टिकणार नाही. सिमेंटला चुन्याची पकड नीट बसत नाही, शिवाय भिंत पाणी पीत नाही, त्यामुळे वेळेचा सगळा हिशेब बदलतो. सुटी चिऱ्याची फळी करून त्यावर कावी करून भिंतीत बसवता येईल. वजन मात्र बघून घ्यावं लागेल.

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. वृंदावनाला डिस्टेंपर दिला. उसाची कांडी, चिंच, आवळे, सगळं साग्रसंगीत. मंगलाष्टकं अंगणात झाली आणि चुरमुरे, खोबऱ्याचे तुकडे घेऊन माणसं सोप्यावर बसली. तिसऱ्या भागातले मासे सगळ्यात आधी पोरांना सापडले. म्हाताऱ्या बायकांपैकी दोघींनी भिंतीला हात लावून पाहिला आणि आपल्या माहेरच्या देवळांची नावं घेतली. एक देऊळ कोरगावचं. दुसऱ्याचं कावीकाम टाइल्सखाली गेलं आहे, त्या स्वतः पाहून आल्या आहेत. टाइल्स थेट जुन्या गिलाव्यावर चिकटवल्या की आधी तो पूर्ण खरवडला, हे विचारून घ्यायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे. काकाही येतो म्हणाले.

देवळीवरचं वर्तुळ बाकी आहे. ते आता जानेवारीच्या थंडीत, सकाळच्या दवात करू. पिंपात अर्ध्याहून अधिक चुना उरला आहे, वरून पाणी वाढवलं. काव पुन्हा धुवावी लागेल, आणि त्यासाठी आधी चुलीची मांडणी मोकळी मिळायला हवी.